लमाराबाई आणि दुरुस्त केलेलं गाणं

लमाराबाईंनी मला गायक केलं तेव्हा माझं तोंड उघडं होतं आणि त्यांचे दोन्ही हात त्यात होते. ड्रेस्डेनला येऊन मला फार दिवस झाले नव्हते. चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली होती, मनासारखं घर मिळालं होतं आणि आता खालची दाढ ठणकायला लागली होती. भूल नीट चढली नसावी, कारण ड्रिल लागताच मी कण्हलो. बाईंनी ड्रिल बंद केलं. "परत," त्या म्हणाल्या. दुखतंय का असं विचारताहेत समजून मी जोरजोरात मान डोलावली. "नाइन, नाइन! तो आवाज परत काढ. तो खालचा." मी पुन्हा कण्हलो. बाईंनी डोळे मिटून माझ्या कण्हण्याच्या वर एक सूर धरला, तो तिथे बसतोय का ते नीट ऐकलं आणि निकाल दिला, "गेनाऊ! बरोबर! तू बानी आहेस. गुरुवारी सात वाजता इथेच ये. जेवून येऊ नकोस."

बानी म्हणजे जॉर्जियाच्या गाण्यातला खालचा आवाज. तीन आवाज असतात, तिघं तीन वेगळ्या चाली एकाच वेळी गातात आणि त्या तीन चालींचं मिळून एक गाणं होतं. हे मला फार नंतर समजलं. त्या दिवशी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर मुग्धा सुजलेल्या गालाकडे बघत म्हणाली, "तुला? गायला? अरे, मंडळाच्या आरतीला तुझ्या शेजारी उभं राहायला लोक धजत नाहीत."

मी हे रागात लिहितो आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. परवा आमच्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. मागे मंद आवाजात एक सीडी लावलेली. यजमान कौतुकाने म्हणाले, "जॉर्जियन आहे, ऐकलंयस कधी? किती शुद्ध गातात बघ!" ती सीडी आमची होती. त्यात मी होतो, लमाराबाई होत्या, त्यांचे पती ओतारराव होते. म्हणजे आमची नावं होती. मी जेवण अर्धं टाकून उठलो. मुग्धाने वेळ मारून नेली, पण माझ्या डोक्यातली तिडीक अजून गेलेली नाही. म्हणून वाटलं, ज्या बाईने आयुष्यभर खोट्या शुद्धपणावर दात-ओठ खाल्ले, ती कशी होती आणि तिच्यावर काय अन्याय झाला, हे एकदा लिहून टाकावं.

तालीम दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये व्हायची. पेशंट गेले की खुर्च्या गोल करायच्या, दात घासण्याची चित्रं असलेल्या भिंतीखाली. जिथे दिवसा पेशंटची कार्डं घेतात त्या काउंटरवर अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, चीज भरलेल्या गरम रोट्या आणि लाल वाईन. "रिकाम्या पोटाने फक्त रक्त तपासायला जातात," बाई म्हणायच्या, "गायला नाही." मी एकदा शंकरपाळे नेले. बाईंनी डबा उघडून दंतवैद्याच्या नजरेने त्यातल्या साखरेकडे पाहिलं, मला चार शब्द सुनावले आणि बोलता बोलता डबा संपवला.

बाई ठेंगण्या, रुंद, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. चालायच्या भराभर, बोलायच्या तोंडावर. राग नाकावर नाही, ओठांवरच असायचा. तिकडे जॉर्जियात, कुतैसीला, त्यांचा स्वतःचा मोठा दवाखाना होता. इथे आल्यावर त्यांना पुन्हा सगळ्या परीक्षा द्यायला लावल्या. "मी त्या साहेबाला विचारलं," त्या सांगायच्या, "आमच्याकडच्या माणसांची दाढ गुडघ्यात असते का? तो म्हणाला, नियम आहे. मी म्हटलं, नियम तुझा, दाढ तीच!" एवढं बोलूनही त्यांनी परीक्षा दिल्या आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या, कारण परीक्षेवर रागावणं वेगळं आणि नापास होणं वेगळं.

ओतारराव अगदी उलट. उंच, वाकलेले, सावकाश. तिकडे शाळेत भूगोल शिकवायचे, इथे बायकोच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटचा फोन घ्यायचे. मोजकं बोलायचे. पण गाणं तेच सुरू करायचे. आमच्यात हात हलवणारा कुणी नव्हता, एक-दोन-तीन म्हणणारं कुणी नव्हतं. सगळे खाण्यात, गप्पांत दंग असताना मध्येच ओताररावांचा आवाज यायचा, त्या दिवशी त्यांच्या गळ्यात जो सूर असेल त्या सुरात. मग बाकीच्यांनी घास गिळून धावायचं. बाईंचा आवाज वर जाऊन कोंबड्यासारखा तुटत, उड्या मारत फिरायचा. त्यांच्या गावात हे वरचं गाणं पुरुषांचं समजत. "माझ्या आजोबांना नातू नव्हता," बाई म्हणायच्या, "मग काय, गाणं बरोबर घेऊन मरायचं?"

मी सुरुवातीला एक सूर पकडून बसायचो. मला वाटायचं, खालचा आवाज म्हणजे तंबोरा. सोप्या गाण्यांत ते चाललं. पण ओताररावांच्या गावच्या गाण्यांत बानीसुद्धा चालते, वळते, वरच्यांशी भांडते. पहिल्या महिन्यातच बाईंनी गाणं थांबवलं. "खांब आहेस का तू? छप्पर पडेल म्हणून उभा केलाय तुला? आमच्यात कुणी कुणाला धरून ठेवत नाही. चाल!" मी चालायला लागलो आणि अर्थातच पडलो. बाई खूश झाल्या. पडण्याचा त्यांना कधी राग आला नाही. राग यायचा तो दुसऱ्यांनी येऊन आमचं चालणं सुधारायला घेतलं की.

एकदा गावच्या उन्हाळी जत्रेत आम्हाला बोलावलं होतं. ढोलवाल्यांच्या नंतर आणि सॉसेजच्या टपरीशेजारी आमचा मंडप, आणि फलकावर लिहिलेलं, 'रशियन लोकगीतं'. बाईंनी तो फलक वाचला आणि स्टेजच्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच. संयोजक विनवण्या करत होता, पुढचा कार्यक्रम खोळंबला होता. शेवटी त्याने माइकवर चूक कबूल केली, तेव्हा बाई उठल्या. दुसऱ्या गाण्याला लोकांनी ठेका धरून टाळ्या सुरू केल्या. बाईंनी गाणं मध्येच तोडलं. "ऐकायला आलात ना? मग हात मांडीवर ठेवा," त्या म्हणाल्या. कार्यक्रम संपल्यावर संयोजकाने मनाचा मोठेपणा दाखवत बिअरचा मग उंचावला, "तुमच्या आरोग्यासाठी!" ओतारराव हळूच म्हणाले, "आमच्याकडे बिअर उचलून शत्रूंना शुभेच्छा देतात." बाईंनी ताबडतोब स्वतःचा मग उचलला आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघून प्याल्या.

माझ्या लेकीचे, सईचे, पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर आहेत. शाळेतल्या सगळ्या मुलींच्या तोंडात तारा होत्या, म्हणून तिलाही हव्या होत्या. मी तिला बाईंकडे नेलं. बाईंनी तिला सफरचंद दिलं. "चाव." सईने चावलं. "दुखलं?" "नाइन." "मग मी काय करू इथे?" सई जर्मनमध्ये म्हणाली, की पण ते सरळ नाहीत. बाईंनी आरसा तिच्या हातात दिला. "हे दात बघून तुझा बाप तुला गर्दीतही ओळखतो. सगळ्यांचे सारखे झाले, की तो शोधेल कसं?" सई घरी येईपर्यंत फुरंगटून बसली होती. आता मोठी झाली आहे, ते दात तसेच आहेत आणि ती खदखदून हसते.

आमच्यात येन्स नावाचा एक गृहस्थ होता. कर सल्लागार, चांगला गाणारा, वक्तशीर, मदतीला तत्पर. त्याच्यामुळेच आमच्या गुरुवारच्या टोळक्याचं रीतसर फेराइन, म्हणजे नोंदणी केलेलं मंडळ झालं, नियमावली झाली, अध्यक्ष झाला. अध्यक्ष येन्सच, कारण बाईंना कागद बघितला की जांभई येई. सीडी काढायची कल्पनाही त्याचीच. तो वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्याने जे केलं ते वाईटपणाने केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

स्टुडिओतल्या माणसाने प्रत्येकाला वेगळ्या काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून उभं करायची तयारी ठेवली होती. बाई म्हणाल्या, "ओतारचं तोंड दिसल्याशिवाय मी गात नाही. चाळीस वर्षं बघते आहे, आता काय पडदा?" मग आम्ही एका खोलीत खुर्च्या जवळ ओढून बसलो. एक गाणं फक्त तिघांचं होतं: ओतारराव सुरू करणारे, बाई वर, आणि मी खाली, कारण माझ्याआधी बानी देणारा नोकरीसाठी ड्युसेलडॉर्फला गेला होता. ओताररावांचा आवाज त्या वसंतात बसला होता. सर्दी असेल म्हणत सगळे त्यांना मध चाटायला सांगत होते. त्या बसलेल्या आवाजातच त्यांनी गाणं सुरू केलं. सूर मध्ये मध्ये फाटत होता, पण जायचा तिथेच जात होता. त्यांच्या गाण्यात एक जागा आहे, ती पियानोच्या कुठल्याच पट्टीवर सापडत नाही, दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी आहे. आपल्याकडे पेटीवर न मिळणाऱ्या सुरांबद्दल जाणकार बोलतात, तसंच काहीसं. ओतारराव त्या जागेवर जाऊन थांबले आणि आम्ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना.

ती सर्दी नव्हती. घशात गाठ होती. पुढच्या काही आठवड्यांत ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. ओतारराव घरी आले ते गळ्याला एक भोक आणि त्यावर रुमाल घेऊन. आवाज कायमचा गेला. त्या दिवसांत बाई दवाखाना चालवत होत्या, त्यांचं सगळं करत होत्या, आणि कुणी हळहळायला लागलं की म्हणायच्या, "रेकॉर्डिंग आहे ना. बास. ते आहे." तेवढ्या एका आधारावर त्यांनी ते महिने काढले.

सीडी आली त्या संध्याकाळी मी तिथे होतो. बाईंनी वेटिंग रूममध्येच ती लावली. ओतारराव काउंटरमागे बसले होते. आमच्या तिघांचं गाणं सुरू झालं. मला क्षणभर कळेना काय झालंय. सगळं गुळगुळीत होतं. फाटलेला सूर सांधला होता. मधोमधची ती जागा उचलून शेजारच्या पट्टीवर नेऊन ठेवली होती. माझा आवाजही इतका नीटनेटका, की माझी मलाच ओळख पटेना. आणि ओतारराव म्हणजे पासपोर्टवरचा फोटो असतो ना, तसे: नाक-डोळे तेच, माणूस दुसराच. ओताररावांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि सावकाश मान नकारार्थी हलवली. बाई "वाइमे!" असं काही तरी ओरडल्या आणि मटकन पेशंटच्या खुर्चीत बसल्या. त्या बाईला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुडिओला फोन केला. तो माणूस शांतपणे म्हणाला, की काम पोचतं झालं की तो मूळ फायली पुसून टाकतो, जागा लागते. आणि सूर दुरुस्त करायला अध्यक्षांनीच सांगितलं होतं.

फेराइनची सभा भरली. येन्सने आढेवेढे घेतले नाहीत. "आल्झो, लमारा, ओतार आजारी होता. त्याचा आवाज डळमळत होता. लोकांनी त्याला असं ऐकावं का? आम्ही त्याचा मान राखला," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरंच ओले होते. "आणि ती मधली जागा, ती तशीही थोडी खाली लागायची. आता बरोबर झाली आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बाईंचा आवाज मात्र अगदी खाली आला. "येन्स, मी रोज लोकांचे दात सरळ करते. हात लावण्याआधी सही घेते. लहान पोराचा दात असला तरी त्याच्या बापाची सही घेते. तू कुणाची सही घेतलीस?"

बाई पुढे म्हणाल्या, "तो आजारी होता, मग आजारी माणसाचा आवाज तसाच येणार. तो तसा आला म्हणून तर मला हवा होता. तुम्ही त्याला बरं केलं नाहीत. तुम्ही त्याला पुसलात."

मग मतदान झालं. हो, मतदान! सीडीच्या प्रती छापून झाल्या आहेत, कार्यक्रमाचा हॉल ठरला आहे, तेव्हा आता गाणं वगळायचं की राहू द्यायचं, यावर सुशिक्षित, सुसंस्कृत, दर गुरुवारी त्या बाईच्या हातची वांगी खाल्लेल्या माणसांनी हात वर केले. बहुतेकांना राहू द्यायचं होतं. एक बाई तर म्हणाल्या, की आपण भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये. भावनेच्या भरात घेऊ नये म्हणे! गाण्याच्या मंडळात! मी काय बोललो ते मला इथे लिहिता येणार नाही, काही मराठीतही बोललो. लमाराबाईंनी फक्त कोट चढवला. आपण उभ्या केलेल्या मंडळातून त्या बाहेर पडल्या, मागोमाग मी. पुढे कार्यक्रम झाला, वर्तमानपत्रात 'निर्मळ सुरांची' स्तुती छापून आली. मी तो अंक रद्दीत टाकायचीही वाट पाहिली नाही.

पुढच्या गुरुवारी बाईंचा फोन. "सात वाजता. जेवून येऊ नकोस." गेलो तर तीनच खुर्च्या. बाई म्हणाल्या, "बानी सोड. आता तू ओतारचं गाणं शिकायचंस." मी म्हटलं, "मला कसं जमेल? आणि खाली कोण गाईल?" "तो पुढचा प्रश्न आहे. त्यांच्या मशीनमधून पुसलं, तर आता ते माणसाच्या तोंडात ठेवायला हवं. मी ठेवलं असतं, पण मला माझंच गाता येतं, दुसऱ्याचं गायला लागले की मी त्याला शिव्या देते."

ओतारराव माझ्या मागे बसायचे, तळवा माझ्या पाठीवर ठेवायचे. सूर वर गेला की तळवा खाली दाबायचा. त्या मधल्या जागेला मी पुन्हा पुन्हा चुकायचो, कारण लहानपणापासून पेटी ऐकलेला माझा गळा आपोआप ओळखीच्या पट्टीवर जाऊन बसायचा. तळवा दाबायचा, मी उतरायचो, जास्तच उतरायचो, तळवा वर सरकायचा. बाई समोर बसून माझ्या नावाने खडे फोडत असायच्या. "इंजिनिअर! तू तिथे पोचायची घाई करतोस आणि मग पुढच्या घरी जातोस!" पानगळ संपून बर्फ पडायला लागलं तेव्हा एका संध्याकाळी तळवा हललाच नाही. मी चुकलो की काय म्हणून मागे वळून पाहिलं. ओतारराव डोळे मिटून बसले होते. बाई म्हणाल्या, "मागे काय बघतोस? गा."

त्यानंतर ओतारराव फार दिवस राहिले नाहीत.

फ्रीडहोफच्या, म्हणजे दफनभूमीच्या हॉलमध्ये मंडळातले सगळे आले होते. काळे कोट, हातात पांढरी फुलं. पाद्रीबुवांची प्रार्थना झाली आणि मग व्यवस्था बघणाऱ्या माणसाने एक बटण दाबलं. हॉलमध्ये ते गाणं सुरू झालं. ते, दुरुस्त केलेलं. येन्सने सकाळीच सीडी त्या माणसाकडे दिली होती. ओतारचा आवाज त्याच्या निरोपाला असावा, असं त्याला वाटलं होतं. त्याला कळलंच नव्हतं! इतकं सगळं होऊनही, सभा होऊन, भांडण होऊन, त्याला काडीचंही कळलं नव्हतं!

लमाराबाई उठल्या. लोकांना वाटलं, त्या फुलं वाहायला चालल्या आहेत. त्या थेट भिंतीजवळच्या त्या माणसाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "बंद कर." तो गोंधळून येन्सकडे बघायला लागला. "त्याच्याकडे काय बघतोस? मेलेला माणूस माझा आहे." आवाज थांबला. बाई शवपेटीजवळ जाऊन उभ्या राहिल्या, वळल्या, आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाल्या, "सुरू कर."

मी सुरू केलं. पहिली ओळ बरी गेली. त्या मधल्या जागेपाशी सूर पायाखालून सरकला आणि मी घसरलो. थोडाथोडका नाही, चांगलाच. मला वाटलं, आता बाई मला खेचून वर आणतील, त्यांचा आवाज तेवढा दणकट होता. त्या वरच होत्या, एक क्षण थांबल्या, आणि मग त्यांचा आवाज पायरी पायरीने खाली आला, माझ्याशेजारी. बानी कोण देणार याचा आम्ही विचारच केला नव्हता. ती मागच्या रांगेतून आली. येन्सची होती. तोही जिथे मी होतो तिथेच आला. तसंच खालच्या खाली आम्ही गाणं शेवटाला नेलं.

बाहेर बर्फावर सगळे पाय आपटत उभे होते. येन्स बाईंजवळ आला. माफी मागेल असं मला वाटलं, पण माणूस घाबरला की सवयीचंच बोलतो. "आपण बरेच खाली उतरलो होतो, नाही का?" तो म्हणाला.

मी मुठी आवळल्या. बाईंनी आधी नाक पुसलं, रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

"जा," त्या म्हणाल्या. "हा एकटा खाली गेला होता. मग मी गेले, तू आलास. आता घरी जा आणि तुझ्या त्या मशीनला विचार, ती कधी जाते का कुणाच्या सोबतीला."